करुणामूर्ती गौतम बुद्ध

हिमालयाच्या पायथ्याशी कपिलवस्तू नावाचे नगर होते. तेथे शाक्य कुळातील शुद्धोदन राज्य करी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी त्याची राणी मायादेवी माहेरी जावयास निघाली असता, वाटेत लुंबिनीच्या उपवनात तिला पुत्र झाला. तोच सिद्धार्थ गौतम. लुंबिनी आज नेपाळात आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोक तेथे दर्शनास गेला. त्याने तेथे दगडी स्तंभ उभारला आणि गावाचा करही कमी केला. तो लेख त्या स्तंभावर अजून वाचावयास मिळतो.

सिद्धार्थ सात दिवसांचा असतानाच मायादेवी निवर्तली. तिची बहीण महाप्रजापती गौतमी हिने त्या पोरक्या बालकाला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले. राजवाड्यात कशाचीही वाण नव्हती. यथाकाल यशोधरेशी त्याचा विवाह झाला व राहुल नावाचा पुत्रही झाला. परंतु सिद्धार्थाचे मन सुखात रमेना. रथातून फिरावयास जात असता त्याला एक जराजर्जर म्हातारा, एक रोगी, एक प्रेत आणि शांत मुद्रेचा एक संन्यासी दिसला, अशी कथा सांगतात. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, एवढे खरे की, ज्या गोष्टींकडे तरुण माणसे सहसा पाठ फिरवितात, त्यांकडे त्याने निरखून पाहिले. प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या या दुःखावर काही उपाय आहे की नाही, या प्रश्नाने त्याला चैन पडेना. अखेर वयाच्या २९ व्या वर्षी त्याने घर सोडले.

आलार कालाम व उद्दक रामपुत्र या दोन आचार्यांकडे तो राहिला. त्यांची विद्या त्याने आत्मसात केली, पण त्याचे समाधान झाले नाही. मग उरुवेलेच्या रानात त्याने सहा वर्षे घोर तप केले. शरीराचा केवळ सापळा उरला, तरी उत्तर सापडले नाही. देहाला छळून ज्ञान मिळत नाही, हे ओळखून त्याने सुजाता नावाच्या स्त्रीने आणलेली खीर घेतली. ते पाहून, हा तपोभ्रष्ट झाला असे समजून, त्याचे पाच सोबती त्याला सोडून गेले. तो मात्र नैरंजना नदीकाठी पिंपळाखाली ध्यानस्थ बसला आणि ३५ व्या वर्षी त्याला बोध झाला. सिद्धार्थ बुद्ध झाला.

बुद्धांनी पहिला उपदेश केला तो त्या रुसून गेलेल्या पाच सोबत्यांनाच, काशीजवळ सारनाथ येथे. जगात दुःख आहे, तृष्णा हे त्याचे कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्यासाठी मार्ग आहे, ही त्यांची चार आर्यसत्ये. हा मार्ग चैनीचा नव्हे, तसा देहदंडाचाही नव्हे. दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, उपजीविका, प्रयत्न, स्मृती व समाधी ही आठही अंगे सम्यक असावीत, हा त्याचा आशय. हे सारे ते लोकांच्या बोलीत सांगत.

पुढे ४५ वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. त्यांच्या संघात जन्माने कोणी मोठा ठरत नसे. काही शाक्य राजपुत्र दीक्षा घेण्यास आले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली हाही त्यांच्याबरोबर होता. आपला कुळाभिमान गळावा म्हणून राजपुत्रांनीच उपालीला आधी दीक्षा देण्याची विनंती केली. बुद्धांनी तसे केले. त्यामुळे कालपर्यंत जो त्यांची हजामत करी, त्यालाच राजपुत्रांना वंदन करावे लागले!

एकदा विहारांची पाहणी करीत असता त्यांना एक भिक्षू पोटाच्या विकाराने घाणीत पडलेला आढळला. जवळ कोणीही नव्हते. तो इतरांच्या कामी पडत नव्हता, म्हणून इतरांनीही त्याची विचारपूस सोडली होती. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजविले. त्यानंतर त्यांनी सर्व भिक्षूंना एकत्र बोलावले. तुम्हांला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील, असे विचारून, ज्याला आपली सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी, असे त्यांनी सांगितले.

८० व्या वर्षी पावा गावी चुंद नावाच्या लोहाराकडे ते जेवले. त्यानंतर त्यांना प्राणांतिक दुखणे जडले. तशा वेदनांतही त्यांना काळजी पडली ती चुंदाची. आपल्यामागे लोक त्या गरिबाला दोष देतील, हे त्यांनी जाणले. बोध होण्यापूर्वीचे अन्न आणि हे अखेरचे अन्न, दोन्ही सारख्याच पुण्याची आहेत, असे चुंदाला समजावून सांगण्यास त्यांनी आनंदाला बजावले. मग ते कुशिनारेच्या वाटेला लागले. तेथे दोन शालवृक्षांच्या मधोमध आनंदाने अंथरूण घातले आणि त्यावर, उजव्या कुशीवर निजून, त्यांनी देह ठेवला.