कोर्टातून दवाखान्यात : डॉ. रखमाबाई

शेतकरी बंधूंनो, बारावीचा निकाल लागला की तुमच्यापैकी बऱ्याच घरांत एक विषय निघतोच. पोरगी म्हणते नर्सिंगला जाते, नाहीतर डॉक्टर होते. तुम्ही म्हणता पैसा कुठला, शहरात एकटी राहील कशी, आणि आता तर स्थळंही यायला लागलीत. हाच पेच सव्वाशे वर्षांहून आधी एका मुलीपुढे पडला होता. तिच्या वाटेत तर कोर्टाचा हुकूमही आडवा आला.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत १८६४ सालचा, सुतार समाजातला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या समाजात त्याला मनाई नव्हती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लागलं, पण त्या राहिल्या माहेरीच. शाळा सुटली तरी मिशनच्या वाचनालयातली पुस्तकं घरी आणून वाचायच्या. घरात डॉक्टर बाप. डॉक्टरकीचं बी तिथंच पडलं असावं, असं आम्हाला वाटतं.

१८८४ साली दादाजीने बायको नांदायला यावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी न्या. पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पण अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम आला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. वर्तमानपत्रांत रान उठलं. टिळकांचा 'केसरी'सुद्धा त्यांच्या विरोधात होता. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

इथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. पण मोकळं झाल्यावर त्यांनी काय केलं, ते नीट बघा. वय चोवीस. डॉक्टर व्हायचं हे नक्की, पण नुसत्या इच्छेने कोण डॉक्टर होतं? त्यांनी आधी जाणतं माणूस धरलं. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वाट दाखवली. या पीचीबाई स्वतः एडिंबरोत बायकांच्या शिक्षणासाठी भांडलेल्या, त्यामुळे खाचखळगे त्यांना माहीत. मग पैसा. तो एका खिशातून आला नाही. शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले, बाकी ओळखीपाळखीने आणि इंग्लंडातल्या हितचिंतकांकडून जमला. १८८९ साली रखमाबाई बोटीत बसल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत अभ्यास, रॉयल फ्री हॉस्पिटलात हाताखालचं काम, आणि पात्रतेची परीक्षा स्कॉटलंडला. १८९४ ला डॉक्टर होऊनच परतल्या. पाच वर्षं गेली, पण अर्धवट काही ठेवलं नाही.

(सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना जाता जाता एक विनंती. आज डॉक्टरकीला 'नीट' परीक्षा आहे, शिवाय नर्सिंग, फार्मसी, लॅबच्या वाटा आहेत, शिष्यवृत्त्याही आहेत. त्यांच्या तारखा पंचायतीच्या फळ्यावर वेळेत लागल्या तर बरं. तारीख गेल्यावर कळून उपयोग काय?)

मुंबईत बसून नाव कमावता आलं असतं, पण रखमाबाईंनी सुरतेचा बायकांचा दवाखाना घेतला. त्या काळी पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बाई दुखणं अंगावर काढायची, बाळंतपणात जीवही जायचा. दवाखान्यात बाई डॉक्टर असली की घरचे पाठवायला निदान राजी तरी व्हायचे. सुरतेत त्यांनी वीसहून जास्त वर्षं काढली. १९१८ साली विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधली जागा चालून आली. ती त्यांनी नाकारली आणि राजकोटच्या संस्थानी जनाना हॉस्पिटलात गेल्या. सगळी मिळून नोकरी पस्तीस वर्षांची झाली. १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईला आल्या, आणि तिथंही गप्प न बसता पडद्याच्या चालीविरुद्ध लिहीत राहिल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या, तेव्हा नव्वदी पार झाली होती.