खबर आणि शहानिशा : कॅरोलिन हर्शेल

ऐकलेली किंवा पाहिलेली गोष्ट पारखून घेतल्याविना पुढे पाठवू नये, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. आकाशातील खबरही याच कसोटीवर कशी घासून घ्यावी लागते, हे कॅरोलिन हर्शेल यांच्या चरित्रातून दिसते.

त्यांचा जन्म १६ मार्च १७५० रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. बालपणी टायफसच्या तापाने त्यांची वाढ खुंटली. उंची सव्वाचार फुटांच्या आसपासच राहिली. मुलीने घरकामातच राहावे, असा आईचा आग्रह होता. १७७२ मध्ये थोरले बंधू विल्यम यांनी त्यांना इंग्लंडमधील बाथ येथे नेले. विल्यम पेशाने संगीतकार होते आणि दुर्बिणी घडविणे हा त्यांचा छंद होता. भावाच्या मैफिलींत गाता गाता बहीण गणित व आकाशनिरीक्षण शिकली. १७८१ मध्ये विल्यम यांना युरेनस दिसला, तेव्हा त्यांनी तो धूमकेतू म्हणून कळविला होता. इतर ज्योतिर्विदांनी त्याची कक्षा मांडल्यावरच तो ग्रह ठरला. पाहणारा एक असतो, पण निर्णय अनेकांच्या पडताळणीने होतो, हे कॅरोलिन यांनी घरातच अनुभवले.

१ ऑगस्ट १७८६ च्या रात्री विल्यम जर्मनीत होते. स्लाऊ येथील घरी कॅरोलिन यांना दुर्बिणीतून एक धूसर ठिपका दिसला. शेजारचे तारे स्पष्ट, हा मात्र अस्पष्ट. त्यांनी ताऱ्यांच्या संदर्भात त्याची जागा रेखाटून ठेवली, पण शोधाची घोषणा केली नाही. तारा व तेजोमेघ जागचे हलत नाहीत. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकतो. दुसऱ्या दिवशी पाऊस पडत होता. रात्री उशिरा आकाश उघडले, तेव्हा तो ठिपका सरकलेला आढळला. मग मात्र त्यांनी विलंब केला नाही. रॉयल सोसायटीचे चिटणीस चार्ल्स ब्लॅग्डेन आणि निरीक्षक अलेक्झांडर ऑबर्ट यांना त्यांनी पत्रे धाडली. इतरांनी तो धूमकेतू पाहिला आणि शोध पक्का झाला. पुढच्या वर्षी राजाने त्यांना वार्षिक ५० पौंडांचे वेतन बांधून दिले.

जुन्या नोंदींनाही त्यांनी हीच कसोटी लावली. फ्लॅमस्टीड यांच्या तारासूचीतील चुका आणि सूचीतून सुटलेले सुमारे ५६० तारे त्यांनी शोधून काढले. हे काम १७९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, १७९७ च्या ऑगस्टमध्ये नवा धूमकेतू दिसताच टपालावर विसंबून न राहता त्या घोड्यावरून ग्रिनिचला गेल्या आणि राजज्योतिषी मॅस्केलिन यांना समक्ष खबर दिली. त्याच संध्याकाळी तो इतरांनाही दिसला होता.

१८२८ मध्ये लंडनच्या खगोलशास्त्रीय संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. ९ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, हॅनोव्हर येथे त्यांचे निधन झाले.

वाचकहो, खात्री होईपर्यंत मौन आणि खात्री झाल्यावर जाणकाराकडे तत्काळ निवेदन, या दोन्ही गोष्टी त्यांनी सांभाळल्या. पहिलीवाचून अफवा पसरते. दुसरीवाचून खरी गोष्टही वाया जाते.