थ्री नॉट थ्री सगळ्यांना माहितीय, पण ती ज्याच्या नावाने ओळखली जाते तो ‘ली’ कोण होता?

उल्हासनगरला स्टेशनबाहेर रिक्षात बसलात की पहिला प्रश्न येतो तो कॅम्प नंबरचा. एक ते पाच, यातला कुठला? नव्या माणसाला कळत नाही की शहराला कॅम्प का म्हणतात.

तर दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ब्रिटिशांनी सैनिकांसाठी ट्रान्झिट कॅम्प उभारला होता. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि १९४९ साली कॅम्पचं उल्हासनगर झालं.

त्या काळात भारतीय सैन्याची मुख्य रायफल होती ली-एनफिल्ड. आपल्या भाषेत थ्री नॉट थ्री. २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात दिसली ती हीच. यातलं एनफिल्ड म्हणजे लंडनजवळचं गाव, तिथे सरकारी बंदूक कारखाना होता. आणि ली म्हणजे एका घड्याळजीचा मुलगा.

जेम्स पॅरिस ली. जन्म ९ ऑगस्ट १८३१, स्कॉटलंडमधल्या हॉइकचा. तो पाच वर्षांचा असताना घरचे कॅनडातल्या गॉल्ट गावी गेले. बाराव्या वर्षी या पोराने घरीच पहिली बंदूक बनवली. नळी एका जुन्या पिस्तुलाची, आणि दस्ता काळ्या अक्रोडाच्या लाकडातून स्वतः कोरलेला. बंदूक काही धड चालली नाही. (आज आपल्याकडे विनापरवाना असा उद्योग केला, तर शस्त्र कायदा १९५९ खाली थेट गुन्हा आहे.)

का चालली नसेल ते सांगता येत नाही, पण दस्ता हे वाटतं तेवढं सोपं काम नाही. गोळी सुटली की मागे बसणारा धक्का लोखंडाकडून लाकडाकडे जातो. त्यामुळे लोखंड लाकडात इंचन् इंच नीट टेकलं पाहिजे. यालाच बेडिंग म्हणतात. जुने कारागीर लोखंडाला काजळी फासायचे, ते खाचेत बसवून उचलायचे आणि लाकडावर जिथे काळा डाग पडला तिथेच पटाशीने किंचित खरवडायचे. मग पुन्हा काजळी, पुन्हा डाग. हे दिवसभर चालायचं. हल्ली ती फट इपॉक्सीने भरतात.

ली पुढे घड्याळांचं काम शिकला, लग्न केलं आणि १८५८ मध्ये बायकामुलांसह अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला. तिथे यादवी युद्ध पेटलं. त्याला सैन्याकडून एक हजार कार्बाइनची ऑर्डर मिळाली, त्यासाठी त्याने मिलवॉकीत कंपनी काढली. पण नळीच्या मापावरून वाद झाला, सैन्याने माल नाकारला आणि कंपनी गेली.

एखादा पुन्हा घड्याळांकडे वळला असता. लीने १८७९ मध्ये पेटंट घेतलं ते बोल्टच्या खाली बसणाऱ्या पेटी मॅगझिनचं. तोवर बऱ्याच रायफलींमध्ये गोळ्या नळीखालच्या लांब ट्यूबमध्ये एकामागे एक असायच्या. लीने त्या एकावर एक रचल्या आणि खालून स्प्रिंग लावली. आजच्या एके-४७ चं मॅगझिन बघा, तत्त्व तेच आहे.

तरी नशीब साथ देईना. ही रायफल बनवायला घेतलेली शार्प्स कंपनी बंद पडली. काम रेमिंग्टनकडे गेलं, तर १८८६ मध्ये रेमिंग्टनचंही दिवाळं वाजलं.

शेवटी हात दिला ब्रिटनने. १८८८ साली त्यांनी लीचा बोल्ट आणि मॅगझिन घेतलं, नळीच्या आतले आटे विल्यम मेटफर्डचे घेतले. झाली ली-मेटफर्ड. पण नव्या कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने ते आटे झिजायला लागले. १८९५ मध्ये एनफिल्डच्या कारखान्याने जास्त खोल आटे पाडले आणि मेटफर्डचं नाव गळलं. लीचं मात्र टिकलं.

या रायफलचं लाकूड एकसंध नव्हतं. मागचा दस्ता वेगळा, पुढचा भाग वेगळा. फायदा असा, की दस्ता आखूड, मध्यम, लांब अशा मापांत मिळायचा, शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे. एका अर्थी शिंप्याकडचं माप. तोटाही होता. सगळा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला दोन छोट्या जागांवर यायचा. एका बाजूचा टेका सुटला की नेम गेला आणि लाकूड चिरायला लागलं.

ली २४ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये वारला. पहिल्या महायुद्धात गाजलेली मार्क थ्री आली १९०७ मध्ये. आपलं नाव किती लांब जाणार आहे, हे त्याला बघायलाच मिळालं नाही.

बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात या रायफली भारतीय हातांनी घडल्या. लाकूड चिरू नये म्हणून त्यांनी पुढच्या दस्त्यात एक आडवा स्क्रू घातला. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथेच ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी नवी रायफल निघाली, तेव्हाही बोल्ट लीचाच होता आणि लाकडात तो स्क्रूही होता. संग्राहक आजही त्याला ईशापूर स्क्रू म्हणतात.