चर्च सोडून मैदानात उतरलेला माणूस : बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नाईस्मिथ

संध्याकाळ झाली की गावोगावच्या शाळेच्या मैदानावर दोन खांबांना जाळी बांधली जाते आणि व्हॉलीबॉल सुरू होतो. तालुक्याच्या कॉलेजात गेलं की बास्केटबॉलचा खांबही दिसतो. हे दोन्ही खेळ अमेरिकेत चार वर्षांच्या अंतराने जन्मले, १८९१ आणि १८९५ साली, आणि दोन्ही एकाच ख्रिस्ती संघटनेत. संघटनेचं नाव वायएमसीए. १८४४ साली लंडनमध्ये तरुण मुलांना वाईट नादापासून लांब ठेवण्यासाठी ती निघाली होती.

आपल्याकडे तालमीत पाऊल टाकताना आधी मारुतीच्या पाया पडतात, मग लंगोट कसतात. देवभक्ती आणि शरीरकष्ट एकाच छपराखाली असणं आपल्याला नवीन नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी कॅनडातल्या बऱ्याच चर्चवाल्या मंडळींना हे पटणारं नव्हतं. खेळ म्हणजे सैतानाची करमणूक, असं मानणारी माणसं तेव्हा तिथे भरपूर होती. अशा घरात वाढलेल्या एका मुलाने पाद्री होण्याचं शिक्षण पुरं केलं आणि मग चर्चऐवजी व्यायामशाळा निवडली. त्याची ही गोष्ट.

जेम्स नाईस्मिथचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, अल्मॉन्ट गावाजवळ झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेल्या घराण्यांतले. जेम्स नऊ वर्षांचा असताना विषमज्वराने काही आठवड्यांच्या अंतराने दोघंही गेले. तीन भावंडं पोरकी झाली. पुढे मामाने, पीटर यंगने, त्यांना वाढवलं. मामा देवभोळा आणि शिस्तीचा कडक. शेतावरची कामं, घोडे, लाकडं, हिवाळ्यात गोठलेली नदी, असं ते बालपण होतं.

शाळेजवळ लोहाराचं दुकान होतं. तिथे पोरं एक खेळ खेळायची. मोठ्या खडकावर एक दगड ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो पाडायचा. एक जण राखण करायचा. आपल्या लगोरीचाच हा लांबचा भाऊ म्हणायचा. जोरात दगड भिरकावला आणि नेम चुकला, तर तो पार लांब जायचा आणि आणायला पळेपर्यंत गडी बाद. म्हणून हुशार पोरं दगड हलकेच, वरून कमान करून टाकायची. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे.

अभ्यासात जेम्सचं मन नव्हतं. हायस्कूल अर्धवट टाकून तो जंगलात लाकूडतोडीच्या कामावर गेला आणि काही वर्षं तिथेच राहिला. सोबत्यांबरोबर दारूही प्यायला लागला. चरित्रकार सांगतात की एकदा दुकानात त्याने व्हिस्की मागितली, तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्याने त्याला ओळखलं. तू मार्गारेटचा पोरगा ना, असं विचारून, आईने हे पाहिलं असतं तर तिला काय वाटलं असतं, एवढंच तो बोलला. जेम्सने पेला खाली ठेवला तो कायमचाच. विशीच्या उंबरठ्यावर तो पुन्हा लहान पोरांबरोबर शाळेच्या बाकावर बसला. गावात हसणारे असतीलच. त्याने शाळा पुरी केली आणि १८८३ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला. पाद्री व्हायचं नक्की केलं होतं.

तिथे सुरुवातीला तो दिवसरात्र पुस्तकात डोकं घालून बसायचा. एका संध्याकाळी दोन मित्र खोलीवर आले आणि त्यांनी खडसावलं की असाच बसून राहिलास तर तब्येत गमावशील. गडी व्यायामशाळेत गेला आणि तिथलाच झाला. कसरती, फुटबॉल, सगळ्यात पुढे. १८८७ साली पदवी मिळाली. मग मॉन्ट्रियलच्याच धर्मशिक्षण कॉलेजात प्रवेश घेतला आणि सोबत मॅकगिलमध्ये व्यायामशिक्षकाची नोकरीही धरली.

इथे खरी कुचंबणा सुरू झाली. धर्मशिक्षक मंडळींना त्याचं फुटबॉल रुचत नव्हतं. तेव्हाचं फुटबॉल म्हणजे अर्धी कुस्तीच. शनिवारच्या सामन्यात मार खाऊन रविवारी तो सुजलेल्या, काळ्यानिळ्या डोळ्यांनी प्रवचनाला उभा राहिल्याचंही सांगितलं जातं. लोकांना ते कसं वाटलं असेल, याची कल्पना करता येईल.

पण मैदानावरच्या एका छोट्याशा प्रसंगाने त्याचा रस्ता बदलला. सामना रंगात असताना शेजारच्या खेळाडूचा तोल गेला आणि त्याच्या तोंडून शिवी गेली. लगेच त्याचं लक्ष जेम्सकडे गेलं आणि त्याने माफी मागितली. जेम्सने त्याला कधी एका शब्दानेही टोकलं नव्हतं. मग हा ओशाळला का? जेम्स त्यावर विचार करत राहिला. जी पोरं चर्चची पायरी चढत नाहीत, त्यांच्यापर्यंत मैदानातून पोचता येतं, आणि तेही प्रवचन न देता, असं त्याला वाटू लागलं. धर्मशिक्षण पुरं झाल्यावर १८९० साली त्याने मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्डची वायएमसीएची प्रशिक्षण शाळा गाठली.

या निर्णयाची किंमत घरात मोजावी लागली. बहीण अ‍ॅनीला भाऊ पाद्री होणार याचा अभिमान होता. नांगराला हात लावून मागे फिरला, अशी तिची भावना झाली आणि त्याचं नाव जगभर झाल्यावरही तिने त्याला माफ केलं नाही. आईबापाविना एकत्र वाढलेली ही भावंडं, म्हणून हे जास्त लागतं.

स्प्रिंगफिल्डला ल्यूथर ग्युलिक नावाचे विभागप्रमुख होते. शरीर, मन आणि आत्मा या त्रिकोणाच्या तीन बाजू आहेत, एक मोडली तर त्रिकोण राहत नाही, असा त्यांचा विचार. वायएमसीएच्या चिन्हातला त्रिकोण त्यांच्याच विचारातून आला. १८९१च्या हिवाळ्यात त्यांच्यापुढे एक डोकेदुखी होती. बाहेर बर्फ, त्यामुळे मैदान बंद. आत त्याच त्या कवायती. १८ जणांचा एक वर्ग इतका वैतागला होता की दोन शिक्षकांनी हात टेकले. आणि ही काही लहान पोरं नव्हती, मिशा फुटलेले बाप्ये होते. ग्युलिकनी तो वर्ग नाईस्मिथ यांच्या गळ्यात मारला आणि छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधायला १४ दिवसांची मुदत दिली.

नाईस्मिथ यांनी आधी फुटबॉल, लॅक्रॉस असे बाहेरचे खेळ आत आणून पाहिले. खिडक्या आणि हातपाय, दोन्हींवर संकट. मुदत संपत आली तेव्हा त्यांनी उलट बाजूने विचार केला. माणूस माणसाच्या अंगावर का जातो? कारण समोरचा चेंडू घेऊन पळतो. त्याला पळूच दिलं नाही, तर अंगावर जायचं कारणच उरत नाही. जिथे चेंडू मिळेल तिथूनच तो पुढे फेकायचा. दुसरा प्रश्न गोलचा. गोल जमिनीलगत असला की जो तो जोर काढून चेंडू मारणार. इथे त्यांना लहानपणचा तो खडकावरचा दगड आठवला. गोल उंच आणि आडवा ठेवला तर चेंडू हलकेच, कमान करून टाकावा लागेल. ताकदीपेक्षा नेम लागेल आणि नेमासाठी डोकं थंड ठेवावं लागेल.

त्यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फूट होता, म्हणून आजही जगभर बास्केटची उंची १० फूटच आहे. टोपलीला बूड होतं, त्यामुळे गोल झाला की चेंडू वर चढून काढावा लागायचा.

१३ नियम दोन कागदांवर टाइप करून भिंतीवर लावले. ते वाचले की या माणसाच्या डोक्यात काय होतं ते कळतं. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, फटका मारणं बंद. पहिल्यांदा केलं तर फाऊल. दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. आणि दुखापत करण्याचाच हेतू दिसला तर पूर्ण सामन्यातून हकालपट्टी, त्याच्या जागी दुसरा गडी मिळणार नाही. एकाने राग केला तर सगळ्या संघाने भोगायचं. हा रागावर लगाम घालायचा अभ्यास होता, फक्त वहीऐवजी चेंडू हातात दिला होता.

२१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ भिडले. सामना संपला तेव्हा गोल झाला होता फक्त एक. पहिल्याच प्रयोगात पोरांनी ठोसे-लाथा चालवल्या आणि काहींचे डोळे काळे झाले, असं खुद्द नाईस्मिथ यांनी १९३९ साली रेडिओवर सांगितलं होतं. तरी पोरांना खेळ इतका आवडला की ती पुन्हा खेळायला मागत राहिली. वर्गातल्या एकाने खेळाला नाईस्मिथ यांचंच नाव द्यायचं सुचवलं. त्यांनी हसून नकार दिला. मग टोपली आणि चेंडू म्हणून बास्केटबॉल.

थोड्याच आठवड्यांत जवळच्या शाळेतल्या शिक्षिका बघायला आल्या आणि आम्हालाही खेळायचंय म्हणाल्या. त्या काळात बायकांनी घामाघूम होऊन पळणं लोकांना खपत नव्हतं. नाईस्मिथ यांनी त्यांना खेळू दिलं. त्या पहिल्या खेळणाऱ्यांत मॉड शर्मन होत्या. १८९४ साली त्यांच्याशीच नाईस्मिथ यांचं लग्न झालं. व्हॉलीबॉल शोधणारे विल्यम मॉर्गनही याच स्प्रिंगफिल्डच्या शाळेत शिकलेले. वय झालेल्या माणसांना बास्केटबॉलची दगदग झेपत नव्हती, म्हणून त्यांनी जाळीवरचा खेळ काढला.

त्याच शाळेत शिकलेले हॅरी क्रो बक पुढे मद्रासला आले आणि १९२० साली तिथे वायएमसीएचं शारीरिक शिक्षण कॉलेज सुरू झालं. भारतातले कितीतरी पीटी मास्तर तिथून तयार झाले.

नाईस्मिथ यांनी शोधाचे हक्क घेतले नाहीत. डेनव्हरला जाऊन नोकरी सांभाळत १८९८ साली डॉक्टरकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. काम दुहेरी होतं, रोजची प्रार्थनासभा चालवायची आणि विद्यार्थ्यांच्या शरीराची काळजी घ्यायची. तिथे त्यांनी बास्केटबॉलचा संघही बांधला. गंमत अशी की त्यांच्या हाताखाली संघ ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. त्यांना त्याचं काही वाटत नसे. शिकवून जिंकायचा हा खेळ नाही, खेळायचा आहे, असं त्यांचं मत. आजच्या स्पर्धेच्या जमान्यात हे भोळेपणाचं वाटेल, आणि थोडं होतंही.

१९१६ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी अखेर पाद्रीपदाची दीक्षा घेतली, ती पलटणीबरोबर जाण्यासाठी. आधी मेक्सिकोची सरहद्द, मग पहिल्या महायुद्धात वायएमसीएतर्फे फ्रान्स. घरापासून हजारो कोस दूर, उदास आणि एकटी पडलेली पोरं दारू आणि वेश्यावस्तीकडे वळत होती. नाईस्मिथ त्यांच्याशी लैंगिक आजार आणि संयमावर डॉक्टर म्हणून स्पष्ट बोलत, आणि संध्याकाळी त्यांना खेळात गुंतवत. जवळपास दोन वर्षं ते तिकडे होते. मागे मॉडबाई पाच लेकरं आणि पैशाची ओढाताण सांभाळत होत्या. एका आजारपणात त्यांना ऐकूही कमी येऊ लागलं होतं. लोकांच्या पोरांना बळ देणाऱ्या या माणसाच्या घरी तेव्हा काय चाललं असेल, हेही विसरून चालत नाही.

१९३३ साली जॉन मॅकलेंडन नावाचा काळा विद्यार्थी कॅन्ससला आला. काळ्यांना विद्यापीठाच्या संघात जागा नव्हती, तलावात पोहायलाही आडकाठी होती. नाईस्मिथ त्याचे मार्गदर्शक झाले आणि जवळच्या हायस्कूलच्या संघावर त्याला अनुभव मिळू दिला. संघाचं दार मात्र ते उघडू शकले नाहीत. मॅकलेंडन पुढे देशातल्या मोठ्या प्रशिक्षकांत गणला गेला.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पहिल्यांदा रीतसर समावेश झाला. म्हाताऱ्या नाईस्मिथ यांच्याकडे प्रवासाला पैसे नव्हते. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी वर्गणी काढून त्यांना धाडलं. पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांनी उडवला. अंतिम सामना उघड्यावर, पावसाच्या चिखलात झाला. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. एक देश कर्माचा, दुसरा जन्माचा. पदकं त्यांच्याच हस्ते दिली गेली. त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनमध्ये कबड्डी आणि देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवत होतं.

पुढच्या वर्षी मॉडबाई गेल्या. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी, ७८व्या वर्षी नाईस्मिथ वारले. त्यांचं बास्केटबॉलवरचं पुस्तक १९४१ साली, त्यांच्या मागे, छापलं गेलं. भिंतीवर लावलेले ते १३ नियमांचे दोन कागद डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला विकले गेले. घेणाऱ्याने ते कॅन्सस विद्यापीठाला दिले. आज ते तिथेच काचेत ठेवलेले आहेत.