तीन दिवसांची मुदत, एक उर्मट उत्तर अन् राज्याचे दोन तुकडे! कोण होता राजा रहबाम?

राजा सॉलोमनचं वैभव सगळ्यांना माहीत आहे. त्याचा मुलगा रहबाम मात्र ओळखला जातो तो एका चुकीसाठी. इ.स.पूर्व ९३०च्या सुमारास प्राचीन इस्रायलचं राज्य फुटलं, ते याच राजाच्या काळात. नेमकं काय घडलं होतं?

असंतोष कशामुळे होता?
बायबलनुसार सॉलोमनने जेरुसलेमचं मंदिर ७ वर्षांत, तर राजवाडा १३ वर्षांत बांधला. लेबनॉनमधून लाकूड आणण्यासाठी ३० हजार माणसं वेठीला धरली. दर महिन्याला १० हजार जणांची पाळी असे. राजवाड्याला धान्य पुरवण्यासाठी देशाचे १२ भाग पाडले होते. प्रत्येक भागाने वर्षातला एक महिना पोसायचा. उत्तरेकडच्या वंशांमध्ये याची चीड होती.

शखेममध्ये काय झालं?
सॉलोमननंतर ४१ वर्षांचा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला. लोकांची मागणी एकच होती, ओझं कमी करा. सोबत यराबाम होता. एकेकाळी सॉलोमनच्या वेठबिगारांवर देखरेख करणारा हा अधिकारी राजाच्या भीतीने इजिप्तला पळाला होता.

रहबामने तीन दिवस मागितले. वडिलांच्या जुन्या सल्लागारांनी नमतं घ्यायला सांगितलं. बरोबर वाढलेल्या मित्रांनी कडक राहायला सांगितलं. त्याने मित्रांचं ऐकलं आणि ओझं आणखी वाढवण्याची धमकी दिली.

दहा वंश तिथेच वेगळे झाले. त्यांना वठणीवर आणायला रहबामने वेठबिगारीचा प्रमुख अदोराम यालाच पाठवलं! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. राजा रथात बसून जेरुसलेमला पळाला.

पुढे काय?
उत्तरेत यराबाम इस्रायलचा राजा झाला. लोकांनी उपासनेसाठी जेरुसलेमला जाऊ नये म्हणून त्याने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं बसवली. रहबामकडे दक्षिणेचं यहूदा उरलं. पाचव्याच वर्षी इजिप्तच्या शिशकने जेरुसलेमचा खजिना लुटला. सोन्याच्या ढाली गेल्या, रहबामने त्याजागी पितळेच्या केल्या.

शेवटी मात्र तो शहाणा झाला. २८ मुलांपैकी अबीया याला त्याने आधीच वारस नेमलं आणि इतरांना वेगवेगळ्या तटबंदीच्या शहरांत पाठवलं. १७ वर्षांच्या राजवटीनंतर गादी भांडणाविना मुलाकडे गेली.

दोन्ही राज्यं पुन्हा कधीच एक झाली नाहीत. इस्रायल इ.स.पूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरने, तर यहूदा इ.स.पूर्व ५८६च्या सुमारास बॅबिलोनने संपवलं.