वसईचे संत गोन्सालो गार्सिया



दरवर्षी ६ फेब्रुवारीला आपण जपानमधील रक्तसाक्ष्यांचे स्मरण करतो. त्यांच्यापैकी एक जण आपल्याच महाराष्ट्रातले होते. वसईकडे त्यांचे नाव लहान मुलांनाही ठाऊक असते; यवतमाळकडे मात्र ते फारसे ऐकू येत नाही. म्हणून या रविवारी त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६च्या सुमारास वसईला झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंकडे ते शिकले आणि जेमतेम पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की, सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षकाचे काम करीत होते. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. मग ते व्यापारात पडले, त्यात जमही बसला. पुढे मनिला येथे सर्व सोडून ते फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम तिथे १५८७ सालीच निघाला होता. म्हणजे धोका त्यांना माहीत होता. व्यापारी राहिले असते तर कोणी बोटही लावले नसते!

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मिशनऱ्यांच्या मागून सैन्य येते, असा संशय बळावला आणि तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने अटकेचे हुकूम सोडले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो शहरात बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. तिथून त्यांना भर हिवाळ्यात नागासाकीला नेले. यवतमाळहून मुंबईला जाऊन आणखी पुढे जावे, एवढी ती वाट. जवळपास महिना लागला.

त्यांना भीती वाटली नसेल का? वाटली असेल, असेच आम्हांला वाटते. गेथसेमनी बागेत प्रभूलाही घाम फुटला होता. नापिकी, कर्ज, घरातले दुखणे यांच्या धास्तीने रात्र जागून काढणारे आपल्या धर्मग्रामातही आहेत. भीती वाटली म्हणजे श्रद्धा आटली, असे त्यांनी समजू नये. त्या वाटेवर बंदिवान प्रार्थना करीत, एकमेकांना धीर देत चालत होते. निघाले तेव्हा ते २४ होते. त्यांची सेवा करीत मागोमाग येणाऱ्या दोघांनाही पकडले गेले आणि नागासाकीला २६ जण पोहोचले. त्यांत बारा वर्षांचा लुईस होता. श्रद्धा सोडलीस तर जीव वाचेल, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ते मानले नाही.

५ फेब्रुवारी १५९७. निशिझाका टेकडीवर क्रूस मांडून ठेवले होते. गोन्सालो थेट एका क्रुसाकडे गेले आणि हा माझा का, असे विचारू लागले, असे सांगतात. तो त्यांचा नव्हता. दुसरा दाखवला, तेव्हा त्यांनी गुडघे टेकून त्याला मिठी मारली. मग सर्वांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले.

परमगुरू नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या २६ जणांना संत घोषित केले. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच. निशिझाकावर आज २६ जणांच्या मूर्ती एका ओळीत उभ्या आहेत. त्यांत आपले वसईकरही आहेत.