विश्लेषण : ऑपरेटिंग सिस्टीमच्या ‘कर्नल’साठी ‘सी’च का? डेनिस रिची यांनी नेमके काय केले?

अँड्रॉइड मोबाइलमधले कोणतेही अ‍ॅप मेमरी किंवा कॅमेरा थेट हाताळत नाही. त्यासाठी त्याला ‘कर्नल’कडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे मागणी करावी लागते. हा गाभा आजही प्रामुख्याने ‘सी’ भाषेत लिहिला जातो. ती घडवणाऱ्या डेनिस रिची यांच्या निधनाची बातमी ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टीव्ह जॉब्ज यांच्या निधनानंतर आठवडाभरात आली. तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

रिची कोण होते?

त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील अ‍ॅलिस्टर हे बेल लॅब्जमध्ये संशोधक होते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि उपयोजित गणित शिकून रिची १९६७ मध्ये त्याच संस्थेत दाखल झाले. पीएचडीचा प्रबंध त्यांनी लिहिला, पण पदवी मिळवण्याची औपचारिकता पूर्ण केली नाही.

पेच काय होता?

‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पातून बेल लॅब्ज १९६९ मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी रिची यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या संगणकावर ‘युनिक्स’ उभी केली, ती असेम्ब्ली भाषेत. असेम्ब्ली वेगवान असते आणि जागाही कमी घेते. मात्र ती एकाच प्रकारच्या यंत्राला बांधलेली असते. यंत्र बदलले की सारे पुन्हा लिहावे लागते.

‘बी’ भाषा का चालली नाही?

थॉम्पसन यांनी ‘बी’ नावाची सुटसुटीत भाषा तयार केली होती. तिच्यात अक्षर, पूर्णांक असे माहितीचे वेगवेगळे प्रकारच नव्हते. नवा पीडीपी-११ संगणक मेमरी बाइटमध्ये मोजत असे, त्याच्याशी ‘बी’चा मेळ बसेना. शिवाय ती संथ होती. रिची यांनी १९७१ पासून तिच्यात प्रकारांची भर घातली आणि त्यातून ‘सी’ आकाराला आली.

पहिला प्रयत्न का फसला?

१९७२ मध्ये थॉम्पसन यांनी कर्नल ‘सी’त लिहायला घेतला, पण तो सोडून द्यावा लागला. कर्नलला प्रत्येक फाइलची आणि चालू प्रोग्रॅमची नोंद ठेवावी लागते. एका नोंदीतले क्रमांक, मालक, आकार असे वेगवेगळे तपशील एकत्र बांधण्याची सोय भाषेत नव्हती. रिची यांनी त्यासाठी ‘स्ट्रक्चर’ची जोड दिली आणि १९७३ मध्ये कर्नल ‘सी’त उतरला. आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढला. त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीत ही किंमत मोठी होती.

फायदा काय झाला?

कर्नल वाचणे, दुरुस्त करणे सोपे झाले. १९७७ मध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स ‘इंटरडेटा’च्या पूर्णपणे वेगळ्या संगणकावर नेण्याचे काम हाती घेतले आणि तडीस नेले. १९७८ मध्ये ब्रायन कर्निहन यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाने ‘सी’ जगभर पोहोचली. महाराष्ट्रातही अभियांत्रिकीच्या असंख्य विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमिंगचा श्रीगणेशा याच भाषेत केला. १९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सनेही ‘सी’च निवडली. अँड्रॉइड त्याच लिनक्स कर्नलवर चालते.

मग आता ‘रस्ट’ची चर्चा का?

हार्डवेअर चालवायचे तर मेमरीच्या हव्या त्या पत्त्यावर पोहोचता आले पाहिजे. ‘सी’ ही मोकळीक देते, पण मर्यादा ओलांडली तर अडवत नाही. १९८८ च्या ‘मॉरिस वर्म’ने अशाच एका चुकीचा फायदा उठवला होता. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षा त्रुटी मेमरीशी निगडित असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. ‘रस्ट’ भाषेत अशा बहुतांश चुका प्रोग्रॅम चालण्याआधीच पकडल्या जातात. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ च्या कर्नलमध्ये तिला प्रवेश मिळाला.

मात्र लिनक्समधील ‘सी’च्या कोट्यवधी ओळी एका रात्रीत बदलणार नाहीत. १९७३ मध्ये सोयीसाठी आकार वाढू द्यायचा का, हा प्रश्न होता. आज सुरक्षेसाठी नवी भाषा शिकण्याचे आणि दोन भाषा एकत्र सांभाळण्याचे कष्ट घ्यायचे का, हा आहे.